कुंडलच्या माळावरची माणसे

१८९७ साली मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये एक बढतीची जागा रिकामी झाली. संस्था तेव्हा भायखळ्याला होती. तिथे यंत्रचित्रण शिकवणारे लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर हे तरुण शिक्षक त्या जागेचे स्वाभाविक हक्कदार मानले जात होते. वर्गातले शिकवणे संपले की ते संस्थेच्या कार्यशाळेत जाऊन बसत, यंत्रे उघडून पाहत, पुन्हा जोडत. त्यांच्या कामाबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पण बढतीचा निर्णय जाहीर झाला तेव्हा ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला मिळाली होती. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगावची वाट धरली.

मराठी उद्योजकतेच्या इतिहासात हा प्रसंग बहुधा दोन ओळींत उरकला जातो. एक दार बंद झाले म्हणून दुसरे उघडले, असा त्याचा सोयीस्कर अर्थ लावला जातो आणि निवेदन लगेच लोखंडी नांगराकडे वळते. वास्तविक लक्ष्मणरावांनी पुढे माणसे कशी निवडली आणि कशी वागवली, हे समजून घ्यायचे तर या दोन ओळींपाशी थोडे थांबायला हवे. लायकी असताना डावलले जाणे म्हणजे काय, हे त्यांनी वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी स्वतः भोगले होते. त्या अनुभवातून माणूस कडवट होऊ शकतो, आणि सत्ता हाती आली की इतरांना तोच अनुभव देऊ शकतो. अशी उदाहरणे कचेऱ्याकचेऱ्यांतून आजही सापडतात. लक्ष्मणरावांच्या बाबतीत मात्र उलटे घडले. जगाने ज्यांना नापास केले होते अशी माणसे त्यांच्याभोवती जमत गेली, आणि त्या माणसांच्या हातून एक कारखाना उभा राहिला.

२० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी त्यांचा जन्म झाला. मराठी संगीत रंगभूमीचे प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे आणि याच कुळातले. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मुलाचे लक्ष मात्र पाठांतरापेक्षा चित्रांत आणि खटपटीच्या वस्तूंत. थोरले बंधू रामचंद्र, म्हणजे सर्वांचे रामूअण्णा, त्याच्या पाठीशी उभे राहिले आणि १८८५ मध्ये लक्ष्मण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. वडिलांना हे फारसे रुचले नव्हते. दोन वर्षे गेल्यावर एक वेगळीच अडचण पुढे आली. त्याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत, अंशतः रंगांधळेपणा आहे, हे ध्यानात आले. चित्रकार होण्याचे स्वप्न तिथेच संपले.

वडिलांचा विरोध पत्करून, भावाच्या पैशावर घर सोडून आलेल्या मुलाला शरीरातल्याच एका उणिवेने माघारी लोटावे, हा पहिला धक्का. त्यातून त्यांनी वाट काढली ती यंत्रचित्रणाची, कारण तिथे रंगांची गरज नव्हती, रेघेची होती. त्याच बळावर ते टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. एका कामाला निरुपयोगी ठरलेला माणूस दुसऱ्या कामाला उत्तम ठरू शकतो, ही गोष्ट त्यांनी पुढे अनेकांच्या बाबतीत खरी करून दाखवली. ती त्यांना कुठल्या पुस्तकातून कळलेली नव्हती.

बेळगावात धंद्याची सुरुवात आधीच झालेली होती. १८८८ मध्ये ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ या नावाने सायकलींचे छोटे दुकान निघाले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवत, रामूअण्णा बेळगावात त्या विकत आणि गिऱ्हाईकांना सायकल चालवायलाही शिकवत. मुंबईची नोकरी सुटल्यावर लक्ष्मणरावांनी लक्ष घातले ते शेतीच्या अवजारांत. प्रथम कडबा कापण्याची यंत्रे, मग लोखंडी नांगर. परदेशी नियतकालिके मागवायची, त्यातली चित्रे पाहायची आणि हाताशी असलेल्या साधनांत तसे काही बनवता येते का ते अजमावायचे, ही त्यांची पद्धत होती.

नांगर तयार झाला, पण तो घेणार कोण? लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. तयार माल कारखान्यात पडून आणि हाताखालच्या माणसांचे पगार चालू, अशी ती दोन वर्षे होती. या काळात त्यांनी शेतकऱ्यांना अडाणी ठरवून मोकळे होण्याचा मार्ग पत्करला नाही. ज्याची जमीन हेच सर्वस्व आहे त्याने नव्या वस्तूविषयी शंका घेणे रास्तच आहे, असे मानून ते नांगर सुधारत राहिले. गिऱ्हाइकाच्या शंकेचा मान राखणारा मालक कामगाराच्या शंकेचाही मान राखतो. हे दोन स्वभाव सहसा वेगळे नसतात.

जम बसू लागला होता. तेवढ्यात बेळगावच्या नगरपालिकेने विस्तारासाठी कारखान्याची जागा खाली करण्यास सांगितले. चाळिशीत आलेल्या लक्ष्मणरावांसमोर बसवलेली यंत्रे उखडून कुठे न्यायची, हा प्रश्न उभा राहिला. या वेळी मदतीला आले औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. बाळासाहेब १९०९ मध्ये गादीवर आले होते. ते स्वतः चित्रकार. सूर्यनमस्काराचे प्रचारक म्हणून पुढे त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. औंध हे लहान संस्थान, त्याचा मुलूखही सलग नव्हता, ब्रिटिश हद्दीत आणि इतर संस्थानांत विखुरलेले तुकडे होते. त्यांतला कुंडल गावाजवळचा, कुंडल रोड या आडवळणाच्या रेल्वे स्टेशनालगतचा ३२ एकरांचा माळ त्यांनी लक्ष्मणरावांना देऊ केला. भांडवलासाठी कर्जाचीही सोय केली. तारण म्हणावे असे लक्ष्मणरावांजवळ फारसे काही नव्हते. माणूस पाहून दिलेला तो पैसा होता.

मार्च १९१० मध्ये लक्ष्मणराव त्या माळावर पोहोचले. सोबत पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे होती. माळावर निवडुंग माजलेले, नागांचा सुळसुळाट, पाण्याची वानवा आणि उन्हाळा तोंडावर. कारखाना नव्हता, घरे नव्हती, बाजार नव्हता. या पंचवीस जणांनी बेळगावसारखे नांदते शहर सोडून यावे, असे लक्ष्मणरावांजवळ देण्यासारखे काय होते, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. जास्त पगाराचे आमिष दाखवायला पैसा नव्हता. पुढच्या सुबत्तेची हमी देण्याजोगी परिस्थितीही नव्हती. बेळगावातल्या कारखान्यात या माणसांनी मालकाला आपल्या शेजारी उभे राहून, हात काळे करून काम करताना पाहिले होते. न खपलेल्या नांगरांची दोन वर्षेही पाहिली होती. संकट आले तर हा गृहस्थ आपल्याला पुढे करून मागे राहणार नाही, एवढी खात्री त्यांना असावी. बायकामुले घेऊन माणूस निवडुंगाच्या रानात जातो तो अशाच खात्रीवर.

पत्नी राधाबाईही या संसारात उतरल्या. घर असे नव्हतेच, त्यामुळे मालकाचा संसार आणि कामगारांचा संसार असे दोन भाग पडायलाही जागा नव्हती. सगळ्यांनी मिळून निवडुंग तोडला, जमीन साफ केली, निवारे उभारले आणि मग भट्टी पेटवली. वस्तीला नाव पडले किर्लोस्करवाडी.

याच सुमारास देशाच्या दुसऱ्या टोकाला, साकचीच्या जंगलात टाटांचे पोलाद शहर उभे राहत होते. तिथे परदेशी तज्ज्ञ होते, मोठे भांडवल होते. वाडीवर यातले काहीच नव्हते. म्हणूनच कोण माणसे मिळाली आणि त्यांचे काय झाले, ही वाडीची खरी गोष्ट आहे.

आधी रामूअण्णा. औपचारिक शिक्षण फारसे नाही. पण घरे कुठे बांधायची, रस्ता कुठून न्यायचा, पाणी कसे खेळवायचे, या साऱ्याची आखणी त्यांच्याकडे आली आणि ते त्या नव्या गावाचे नगररचनाकार आणि व्यवस्थापक झाले. अनंतराव फळणीकर हे शाळा अर्धवट सोडलेले. वाडीवर ते कल्पक अभियंता म्हणून नावाजले गेले. के. के. कुलकर्णी परीक्षांच्या जगात यशस्वी ठरले नव्हते. वाडीवर ते पडेल ते काम निभावणारे हरहुन्नरी गृहस्थ म्हणून प्रत्येकाला हवेसे झाले. मंगेशराव रेगे कारकून म्हणून लिहिणे-हिशेब पाहत, कोठी सांभाळत, आणि तेच मुख्य हिशेबनीसही होते. शंभूराव जांभेकर यांच्याकडे यंत्रांचे काम होतेच, पण कुणी आजारी पडले तर औषधपाणी आणि माणसामाणसांतली कुरबूर मिटवणे हेही त्यांच्याकडेच असे.

ही यादी आजच्या एखाद्या मनुष्यबळ विभागापुढे ठेवली तर यातल्या निम्म्याहून अधिक अर्जांवर पहिल्याच चाळणीत काट मारली जाईल. लक्ष्मणरावांपाशी निवडीला फारसा वाव नव्हता, हे खरेच. आडरानात पदवीधर येणार कुठून? तरीही नाइलाजाने ठेवलेला माणूस आणि विश्वासाने ठेवलेला माणूस यांत फरक असतो आणि तो त्या माणसाला पहिल्याच आठवड्यात कळतो. नाइलाजाने ठेवलेल्याला काम दिले जाते, निर्णय दिला जात नाही. वाडीवर मात्र फळणीकरांसारख्या माणसाच्या हाती यंत्राची रचना दिली गेली. जमले नाही तर लोखंड फुकट जाणार, कोळसा फुकट जाणार, वेळ जाणार, हे ठाऊक असून दिली गेली. शाळेने ज्याच्या प्रगतिपुस्तकावर लाल रेघ ओढली, त्याने काढलेल्या आराखड्यावरून उद्या ओतकाम होणार आहे, ही जाणीव त्या माणसाच्या मनात काय घडवीत असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. पाठीवर थाप मारणारे वरिष्ठ पुष्कळ असतात. स्वतःचे नुकसान होण्याचा धोका पत्करून दुसऱ्याच्या बुद्धीवर हवाला ठेवणारे थोडे.

ओतशाळेचे काम असे आहे की तिथे कामगाराची इमानदारी हाच तपासनीस असतो. वाळूत साचा दाबायचा, त्यात वितळलेले लोखंड ओतायचे, ते निवले की साचा फोडून वस्तू काढायची. वाळू ओलसर राहिली, हवा कोंडली तर आतल्या आत पोकळी राहते. वरून घासूनपुसून चकचकीत केले की ती दिसतही नाही. दिसते ती शेतात, ऐन पेरणीच्या तोंडावर नांगर मोडतो तेव्हा. त्या काळात आत डोकावण्याची यंत्रे नव्हती. साचा दाबणाऱ्याने आणि ओतणाऱ्याने आपण होऊन वस्तू बाद केली तरच ती बाद व्हायची. चूक सांगितली की शिक्षा, असा शिरस्ता असेल तिथे कुणी चूक सांगत नाही. ती घासून चकचकीत केली जाते. लोखंडाला भिणाऱ्या शेतकऱ्यांमध्ये किर्लोस्करांच्या नांगराचे नाव झाले ते दुकानातल्या फलकांमुळे झाले नसावे. वाडीवरच्या अनोळखी ओतकाऱ्याने केलेल्या कामाची ती शिफारस होती.

वाडीच्या हकिकतींतला सर्वांत धाडसी भाग रखवालीचा आहे. आडरानातल्या वस्तीला चोरादरोडेखोरांचे भय होते. पहारा ठेवणे भाग होते. लक्ष्मणरावांनी या कामी नेमले ते दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या माणसांना. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग अशी त्यांची नावे नोंदली गेली आहेत. जातीलाच आडनाव मानण्याचा तो काळ होता. कंपन्यांच्या इतिहासात रखवालदारांची नावे सहसा नसतात. या दोघांची आहेत.

या नेमणुकीचे वजन कळायला त्या काळचा कायदा आठवावा लागतो. १८७१ मध्ये ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. काही जमातींत जन्माला येणे हाच जणू गुन्हा ठरला. १९११ मध्ये, म्हणजे वाडी वसली त्याच्या दुसऱ्याच वर्षी, हा कायदा नव्याने आणखी व्यापक करण्यात आला. पोलिसांत हजेरी लावायची, परवानगीवाचून गाव सोडायचे नाही, असली बंधने त्यात होती. देशभरातून तो पुसला गेला तो १९५२ मध्ये. एकीकडे सरकार माणसांना पिढ्यान्‌पिढ्या चोर मानण्याची तरतूद कायद्यात करत होते आणि दुसरीकडे कुंडलच्या माळावर एक कारखानदार शिक्षा भोगलेल्या माणसांच्या भरवशावर आपली बायकामुले आणि यंत्रे सोपवून रात्री झोपत होता. हा नुसता भाबडेपणा होता असे म्हणता येणार नाही. चोराच्या वाटा चोराला ठाऊक, हा व्यवहारही त्यात असणारच. पण व्यवहार म्हणून चोराला कामावर ठेवणारा मालक त्याच्यावर दुसरी नजर ठेवतो. ज्यांच्यावर आयुष्यभर पहारा होता त्यांच्याच हाती पहारा दिला गेला, आणि ते वाडीचे विश्वासू रक्षक ठरले.

पुढे औंध संस्थानातच, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे, कैद्यांसाठी खुल्या वसाहतीचा प्रयोग झाला. व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७ चा चित्रपट त्याच प्रयोगावरून सुचला. तो प्रयोग पुष्कळांना ठाऊक आहे. त्याच संस्थानच्या भूमीवर त्याआधी कितीतरी वर्षे, कुठलाही गाजावाजा न करता एका कारखान्याच्या फाटकावर असेच काही घडून गेले होते, याची आठवण फारशी कुणी काढत नाही.

वाडीच्या हद्दीत अस्पृश्यता पाळायची नाही, असा लक्ष्मणरावांचा दंडक होता. त्या काळात गावोगाव पाणवठे वेगळे होते, शाळेत बसण्याच्या जागा वेगळ्या होत्या. वेदान्ताचा अभ्यास असलेल्या घरातला हा माणूस देवधर्माच्या अवडंबरापासून दूर राहिला. भट्टीसमोर उभ्या राहिलेल्या दोन माणसांत एकाचा स्पर्श चालतो आणि दुसऱ्याचा चालत नाही, हे त्यांच्या हिशेबात बसण्यासारखे नव्हते. हातोडा एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जातो तेव्हाच काम होते. अर्थात असा दंडक केल्याने माणसांची मने एका रात्रीत बदलत नाहीत. तरी मालकाची भूमिका कोणती, याविषयी संदिग्धता राहिली नाही, आणि ज्यांना इतरत्र उंबऱ्याबाहेर उभे राहावे लागे त्यांच्यासाठी ही गोष्ट पगाराइतकीच मोलाची होती.

वस्ती वाढली तशी शाळा आली, वाचनालय आले. कामगाराला राहायला नेटके घर हवे, त्याच्या मुलांना शिक्षण हवे, संध्याकाळी त्याला करमणूक हवी, हे सगळे कारखान्याच्या आखणीतच धरलेले होते. यात पालकत्वाची एक छटा होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. मालकाच्या नावाचे गाव, मालकाने ठरवलेले नियम, कुटुंबप्रमुखाच्या मायेने पाहणारी नजर, या व्यवस्थेत कामगाराचा हक्क मालकाच्या चांगुलपणावर अवलंबून राहतो. चांगुलपणा वारसाहक्काने मिळतोच असे नाही, म्हणून तर कामगारांना संघटना आणि कायदे लागले. लक्ष्मणरावांचे मोठेपण मानतानाही ही मर्यादा ध्यानात ठेवलेली बरी. मात्र १९१० च्या दशकात, मुंबईच्या गिरण्यांत मजूर चाळीतल्या एकेका खोलीत दाटीवाटीने राहत होते तेव्हा, माळावरच्या या वाडीने कामगाराला घराचा पत्ता दिला होता.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. परदेशी नांगर येणे थांबले, त्यामुळे किर्लोस्करांच्या मालाला मागणी वाढली. पण लोखंड आणि दगडी कोळसाही मिळेनासा झाला. अशा वेळी मालकाने कारखाना काही महिने बंद ठेवला असता तर कुणी दोष दिला नसता. बंद ठेवणे म्हणजे माणसे घरी बसवणे. वाडीवर दुसऱ्या वाटा शोधल्या गेल्या. दगडी कोळशाच्या जागी लोणारी कोळसा वापरून पाहिला. लोखंडासाठी कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडे शब्द टाकला गेला आणि महाराजांनी संस्थानातल्या जुन्या, निकामी तोफा देऊ केल्या. त्या वितळवून त्यांचे नांगर झाले. मराठी शाळांतून ही हकिकत सांगितली जाते ती तोफांचे नांगर झाले या काव्यमय अंगाने. तोफेचे जाडजूड ओतीव लोखंड फोडायचे कसे, भट्टीत घालायचे कसे, लोणारी कोळशावर पुरेशी आच आणायची कशी, हे प्रश्न कुणी पदवीधर धातुशास्त्रज्ञ सोडवत नव्हता. ज्यांना शिक्षणाचे दाखले नव्हते, तीच माणसे ते सोडवत होती. कारखान्याने आपल्याला घडवले, असे वाटणारी माणसे एक वेळ सापडतात. अडचणीच्या काळात आपण कारखाना तारला, असे ज्यांना मनोमन वाटते अशी माणसे क्वचित कुठल्या मालकाच्या वाट्याला येतात.

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक निघाले. पुतणे शंकरराव, म्हणजेच शंवाकि, त्याचे संपादक. कारखान्याची आणि मालाची बातमी गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचवण्यासाठी निघालेले हे पत्र पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही भावंडे त्याला मिळाली. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध मराठी वाचकांनी वाचले ते ‘किर्लोस्कर’मधून. नांगर, चरक, पंप आणि पोलादी फर्निचर घडवणाऱ्या एका वस्तीतून महाराष्ट्राच्या मध्यमवर्गाला विचार करायला लावणारी मासिके निघावीत, हे आज काहीसे अजब वाटते. शंकरराव मूळचे चित्रकार. कारखान्याच्या मालकाने चित्रकार पुतण्याला हिशेबाच्या वह्या भरायला बसवले नाही, मनाजोगे काम दिले. रंगांनी ज्याला नाकारले होते त्याला कलावंताची किंमत ठाऊक होती.

पुढची पिढी हाताशी आली. थोरले चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत यांत्रिक अभियांत्रिकी शिकून १९२६ मध्ये परतले. परदेशी पदवीधर मुलगा वाडीवर आला तेव्हा शाळा अर्धवट सोडलेली माणसे तिथे महत्त्वाच्या जागी होती. अशा प्रसंगी घराण्याच्या कारखान्यांत एक ठरलेले नाट्य घडते. मुलगा आतल्या दालनात बसतो आणि जुनी माणसे हळूहळू फाटकाकडे सरकतात. वाडीचा रिवाज निराळा होता. पदवी कुठलीही असो, यंत्रावर हात चालवून दाखवल्याशिवाय तिथे कुणाचा शब्द चालत नसे. बढतीच्या वेळी लायकीकडे न पाहता माणसाच्या कुळाकडे पाहिले गेले म्हणून या घराण्याचा उद्योग जन्माला आला होता, हे विसरून चालणारे नव्हते.

नंतर विस्तार झपाट्याने झाला. १९४१ मध्ये हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर, १९४६ मध्ये बंगळूरला किर्लोस्कर इलेक्ट्रिक आणि त्याच वर्षी पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स. या कारखान्यांचा इतिहास मोठा आहे आणि तो बऱ्याच अंशी शंतनुरावांचा आहे. लक्ष्मणराव आता सत्तरी ओलांडलेले होते. माळावर आणलेल्या पंचवीस कुटुंबांचा पसारा हजारोंच्या घरात जात होता. प्रत्येक ओतकाऱ्याला नावाने ओळखण्याचे दिवस संपत आले होते.

३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. मारेकरी ब्राह्मण असल्याचे कळताच दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांवर आणि मालमत्तेवर हल्ले सुरू झाले. किर्लोस्करवाडीवरही जमाव चालून आला आणि कारखान्याला आग लावण्यात आली. ज्या जागी अस्पृश्यतेला बंदी होती, जिथे जात न विचारता काम दिले गेले, ती जागा जातीच्याच नावाने पेटवली गेली. लक्ष्मणरावांचे वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर होते.

या घटनेतून सोपा निष्कर्ष काढता येत नाही. वाडीच्या आत कमावलेला आदर वाडीच्या कुंपणाबाहेर किती पोहोचला होता, हा प्रश्न त्या आगीने उभा केला. पंचक्रोशीतल्या शेतकऱ्याने किर्लोस्करांचा नांगर घेतला होता. पण कारखान्याबाहेर राहिलेल्या, त्या समृद्धीचा वाटा न मिळालेल्या माणसाच्या मनात काय होते, याची नोंद कुणी ठेवली नव्हती. जमाव चांगल्यावाईटाचा निवाडा करत नाही, हे खरे. तरी एका उत्तम रीतीने चालवलेल्या वस्तीभोवतीचा समाज जसाच्या तसा राहिला तर ती वस्ती बेटासारखी असुरक्षित राहते, हेही तितकेच खरे.

कारखाना पुन्हा उभा राहिला. बेळगावची जागा गेली तेव्हा यंत्रे उखडून आणणारी पिढी आता म्हातारी झाली होती. जळालेल्या शेड्स साफ करून यंत्रे दुरुस्त करण्याचे काम त्यांच्या मुलांच्या पिढीवर आले. निवडुंग तोडण्यापासून सुरुवात केलेल्या गावाला राखेतून सुरुवात करणे नवे असले तरी परके नव्हते.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले. १९६९ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. पुणे-मिरज लोहमार्गावरच्या त्या आडवळणाच्या स्टेशनाचे कुंडल रोड हे नाव केव्हाच मागे पडले आहे. फलाटावरच्या पाटीवर आता किर्लोस्करवाडी असे लिहिलेले असते आणि कारखान्यात पंप तयार होतात.